तीन खाणपट्टे आणि एक जनसुनावणी: दगडखाणीच्या पर्यावरण मंजुरीचा अनुभव

दगडखाणीला पर्यावरण मंजुरी घ्यायची म्हटली की अर्जदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: 'किती दिवस लागतील?' उत्तर द्यायला आधी कॅलेंडर बघावं लागतं. पावसाळ्यातली निरीक्षणं अहवालात चालत नाहीत, आणि हंगाम हुकला की पुढच्या हंगामापर्यंत सगळं थांबतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कोरडवाहू तालुक्यातल्या तीन दगडखाणींचं काम आमच्याकडे, म्हणजे पर्यावरण सल्लागारांकडे, ऑगस्टमध्ये आलं. मंजुरीपत्रं मिळाली ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. मधल्या काळात काय, कोणत्या क्रमाने आणि का घडलं, ते इथे मांडतो आहे. पहिल्यांदा या वाटेला जाणारा अर्जदार आणि या क्षेत्रात नव्याने आलेली मंडळी, दोघांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

ऑगस्ट: आधी वर्ग ठरवा

तिन्ही पट्टे वेगवेगळ्या मालकांचे, प्रत्येकी पाच हेक्टरच्या आतले, मिळून साधारण नऊ हेक्टर. 'पाच हेक्टरच्या आत आहोत, आम्हाला ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) लागत नाही' अशी तिघांचीही समजूत. पट्टा एकटा असता तर ते खरंही होतं. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेतल्या तरतुदी आणि नंतरच्या दुरुस्त्यांनुसार पाच हेक्टरपर्यंतचा एकटा गौण खनिज पट्टा 'ब-२' वर्गात बसतो आणि त्याला पूर्ण अहवाल व जनसुनावणी लागत नाही. पण एका पट्ट्याची हद्द दुसऱ्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत आली की क्लस्टर, म्हणजे पट्ट्यांचा एकत्र समूह, धरलं जातं. राष्ट्रीय हरित लवादाच्या १३ सप्टेंबर २०१८ च्या आदेशानंतर क्लस्टरचं एकूण क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं, की प्रकल्प 'ब-१'. म्हणजे टीओआर (अभ्यासाची कार्यकक्षा), बेसलाइन (हवा, पाणी, माती यांच्या आजच्या स्थितीची मोजणी), अहवाल, जनसुनावणी, राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती हा सगळा रस्ता.

म्हणून सगळ्यात आधी जिल्हा खनिकर्म कार्यालयाचा ५०० मीटरचा दाखला काढायचा. आसपासचे पट्टे, त्यांचं क्षेत्र, मुदत आणि चालू-बंद स्थिती त्यात हवीच. तीन वर्षं किंवा जास्त काळ बंद असलेले पट्टे आणि १५ जानेवारी २०१६ रोजी ज्यांच्याकडे पर्यावरण मंजुरी होती ते पट्टे क्लस्टरच्या क्षेत्रात मोजत नाहीत, मात्र व्यवस्थापन आराखड्यात त्यांचा समावेश करावा लागतो. दाखल्यात नुसतं 'आजूबाजूला खाणी आहेत' असं मोघम लिहून आलं असेल तर तो परत करून तपशील मागावा. पुढे समितीसमोर याच एका कागदावरून प्रकरण मागे जातं.

बाकीचे कागद: सातबारा, मोजणीची 'क' प्रत, जिल्हाधिकारी कार्यालयाचं इरादापत्र, मंजूर खाण आराखडा, आणि पट्ट्याचा जिल्हा सर्वेक्षण अहवालात उल्लेख असल्याचा पुरावा. सातबारावर इतर हक्कात काही नोंद असेल, वाटणी झालेली नसेल किंवा गट नंबर फुटलेला असेल तर आधी ते निस्तरा. पर्यावरणाचा अर्ज त्यानंतर.

सल्लागार निवडताना क्यूसीआय-नॅबेट या सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत त्याचं नाव, खाणकामाचं क्षेत्र, वर्ग आणि मान्यतेची मुदत अर्जदाराने स्वतः तपासावी. अहवालावर ईआयए समन्वयकाबरोबर हवा, पाणी, परिसंस्था, भूजल, माती, ध्वनी, सामाजिक-आर्थिक अशा विषयांच्या तज्ज्ञांच्याही सह्या लागतात. ही माणसं जागेवर खरोखर येणार का, हे करारातच विचारून घ्या. फी टप्प्याटप्प्याने ठरवावी: टीओआर, मसुदा अहवाल, सुनावणी, मंजुरी. प्रयोगशाळा, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, छपाई, मंडप आणि चित्रीकरण हे फीमध्ये आहे की वेगळं, ते लेखी हवं. बहुतेक भांडणं या पाच गोष्टींवरूनच होतात. यात प्रयोगशाळेचा खर्च सगळ्यात मोठा. तीन अर्जदारांनी एकच बेसलाइन केली आणि खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घेतला. क्लस्टरमध्ये एवढी एक सोय आहे. अर्ज मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र.

सप्टेंबर: नकाशा आणि केएमएल

पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करताना केएमएल फाइल, म्हणजे पट्ट्याच्या हद्दीचा संगणकीय नकाशा, जोडावी लागते. उपग्रह चित्रावर बांध बघून रेषा ओढली आणि फाइल तयार, असं बरेच जण करतात. चित्र जमिनीवरच्या जागेपासून काही मीटर सरकलेलं असतं, बांधही दरवर्षी थोडे सरकतात, आणि मग पोर्टलवर निघणारं क्षेत्र सातबाराशी जुळत नाही. तिथेच ईडीएस पडतो, म्हणजे त्रुटीपत्र येतं आणि अर्ज रांगेतून बाहेर पडतो.

योग्य क्रम असा: भूमी अभिलेखच्या मोजणीच्या खुणा जागेवर शोधायच्या, त्या बिंदूंवर सिमेंटचे खांब रोवायचे, प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांश डीजीपीएस या अचूक उपग्रह-मोजणी यंत्राने घ्यायचे, आणि त्या बिंदूंवरून केएमएल काढायची. खांबांवर क्रमांक रंगवून, खांब आणि मागचा परिसर दोन्ही दिसतील असे फोटो काढायचे. या पट्ट्यांपैकी एका ठिकाणी 'क' प्रतीतला एक कोपरा शेजारच्या गटातल्या ओढ्यात निघत होता. अर्ज करण्याआधी ते सापडलं, म्हणून मोजणी दुरुस्त करून घेता आली. अर्जानंतर सापडलं असतं तर खाण आराखड्यापासून सगळंच बदलावं लागलं असतं.

सगळी अंतरं पट्ट्याच्या हद्दीपासून मोजायची, मध्यबिंदूपासून नाही. जवळची वस्ती, शाळा, राज्यमार्ग, कालवा, विहीर, वनहद्द, अभयारण्य. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला बंदी आहे, आणि त्यापलीकडे त्या अभयारण्याचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र किती आहे ते त्याच्या अधिसूचनेत बघावं लागतं. सह्याद्रीच्या अंगाला असाल तर पश्चिम घाटाच्या मसुदा अधिसूचनेतली गावांची यादीही उघडा.

आणखी एक. समितीतले सदस्य बैठकीतच जुनी उपग्रह चित्रं उघडून बघतात. मंजुरीआधी खाणीला तोंड फोडलेलं असेल तर ते साल-महिन्यासकट दिसतं आणि प्रकरण नियमभंगाच्या वाटेला जातं. कुंपण आणि राखणदाराची खोली एवढंच मंजुरीआधी करावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: टीओआर

हा टप्पा तसा सरळ. खाणकामासाठीचे प्रमाणित कार्यकक्षा मुद्दे ठरलेले आहेत, त्यात समिती जागेनुसार भर घालते. इथे भर पडली ती डाळिंबाच्या बागांवर बसणाऱ्या धुळीचा अभ्यास आणि गावातून जाणाऱ्या रस्त्याची भारक्षमता. टीओआर हातात आलं की प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालातलं प्रकरण आणि पान लिहिण्यासाठी एक तक्ता त्याच दिवशी करून ठेवावा. शेवटी अहवालाच्या सुरुवातीला तोच लागतो.

टीओआरची मुदत चार वर्षं. बेसलाइनची निरीक्षणं अर्ज दाखल करताना तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाहीत. टीओआर येण्याआधीही बेसलाइन सुरू करता येते. फक्त समितीने वेगळी ठिकाणं किंवा जादा घटक सांगितले तर त्यांची भर घालावी लागते, ही जोखीम अर्जदाराला आधी सांगून ठेवलेली बरी. इथे आम्ही डिसेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा धरला. तो हुकला असता तर मार्च ते मे, आणि तोही हुकला असता तर थेट पाऊस संपल्यावर.

डिसेंबर ते फेब्रुवारी: बेसलाइन

सगळं काम या तीन महिन्यांवर उभं असतं. हवेची ठिकाणं आठ: एक पट्ट्यात, सात बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या दहा किलोमीटरच्या त्रिज्येत. ठिकाणं ठरवण्याआधी जवळच्या हवामान केंद्राचे वाऱ्याचे दीर्घकालीन आकडे बघायचे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला किमान एक, खालच्या अंगाला किमान दोन, बाकी आडवी. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस, २४ तास, १२ आठवडे. म्हणजे ठिकाणामागे २४ नमुने.

यंत्र जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर हवं, वर झाडाची फांदी नको, शेजारी चूल नको. शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं स्लॅबचं छत सगळ्यात सोयीचं. शाळेच्या छतावर ठेवायचं तर मुख्याध्यापकांच्या परवानगीबरोबर शिपायाशीही बोलून ठेवा, किल्ली त्याच्याकडे असते. खरी अडचण विजेची. शेतीपंपाच्या लाइनवर यंत्र जोडलं तर थ्री फेज गेल्यावर बंद पडतं. गावठाणाच्या सिंगल फेजवर जोडायचं, आणि तरी वीज गेली तर किती वेळ गेली ते यंत्रावरच्या टायमरवरून लिहायचं. जनरेटर शेजारी लावून चालत नाही, त्याचाच धूर फिल्टरवर बसतो. तुटलेला दिवस सरळ रद्द करून पुन्हा घ्यायचा.

पीएम २.५ च्या (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धुळीच्या) नमुन्यात किती कमी पदार्थ असतो हे बघण्यासारखं आहे. यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर धूळ असेल तर ४७ मिलिमीटरच्या त्या पांढऱ्या चकतीवर जमा होतं ०.९६ मिलिग्रॅम. बोटाचा ठसा उमटला तरी उत्तर बदलतं. म्हणून फिल्टर चिमट्यानेच उचलायचा, वजनाच्या आधी आणि नंतर २४ तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायचा, आणि क्रमांक घातलेल्या झाकणबंद डबीतूनच न्यायचा. हे काम करणारा मुलगा कसलेला असेल तर निम्मी काळजी मिटते.

राष्ट्रीय मानकांप्रमाणे २४ तासांची मर्यादा पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. कोरडवाहू भागात हिवाळ्यात मळणी, पाचट जाळणं आणि कच्चे रस्ते यांमुळे पीएम १० सहज ७०-८० च्या पुढे जातो. आकडा वाढलेला दिसला की अर्जदार घाबरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, कारण सोबत नोंदवहीत 'शेजारच्या रानात मळणी चालू' असं लिहिलेलं असतं. घाबरावं ते उलट्या परिस्थितीत: २४ च्या २४ आकडे ५८ ते ६१ च्या मध्ये असतील, खडी क्रशरशेजारी पीएम २.५ हा पीएम १० च्या नव्वद टक्के निघाला असेल, किंवा सल्फर डायऑक्साइड मोजण्याच्या मर्यादेखाली असूनही दोन दशांशांपर्यंत छापला असेल. असे तक्ते घरी बसून बनवलेले असतात आणि समितीतल्या जाणत्यांना ते पहिल्या नजरेत कळतं.

वाऱ्याचं यंत्र दहा मीटर उंच खांबावर, तासातासाची नोंद. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात वारा बराचसा ईशान्य-पूर्वेकडून येतो, मार्चनंतर पश्चिम-वायव्येकडून. त्यामुळे हिवाळ्यातल्या अभ्यासात धूळ पश्चिमेच्या गावाकडे जाताना दिसते, आणि पूर्वेचं गाव म्हणतं, 'उन्हाळ्यात सगळी धूळ आमच्याकडे येते, ते कुठाय?' रास्त प्रश्न. म्हणून धूळ कुठे किती जाईल याचं संगणकीय मॉडेल उन्हाळ्याच्या वाऱ्यावरही चालवून ठेवलं. टीओआरमध्ये मागितलं नव्हतं, पण सुनावणीत याच प्रश्नाला सगळ्यात आधी तोंड द्यावं लागलं.

पाण्याचे नमुने घेताना जीवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळा. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली आणायचा. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच स्थिर करायचा, नाहीतर तो आकडा निरर्थक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विहिरींची पातळी. टेप टाकून पाण्यापर्यंतची खोली मोजायची, काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्यायची, मालकाला विचारून विहिरीचं वय, बांधकामाची खोली आणि उन्हाळ्यात पाणी कधी आटतं ते लिहायचं. पट्ट्यापासून एक किलोमीटरच्या आतली एकही विहीर सोडली नाही. मे महिन्यात त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची जुनी माहिती जोडीला घेतली.

ध्वनीसाठी २४ तास, रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. जत्रा आणि लग्नतिथी टाळा. मातीबद्दल सांगण्यासारखं फार नाही: रीतसर चौभाग करून एकत्रित नमुना घ्या, झालं.

परिसंस्थेचं काम मात्र घाईत उरकू नये. महसुली कागदावर 'पडीक' लिहिलेलं माळरान प्रत्यक्षात रिकामं नसतं. झाडांसाठी १० बाय १० मीटरचे, झुडपांसाठी ५ बाय ५ चे आणि गवतासाठी १ बाय १ चे चौकोन आखून मोजणी झाली. मोर दिसले, लांडग्याची विष्ठा सापडली, आणि एका मेंढपाळाने कोकरू उचलल्याची ताजी हकीकत सांगितली. मोर आणि लांडगा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये. यादीत असा एक जरी प्राणी आला तरी त्याच्यासाठी खर्चासह संवर्धन आराखडा करून वन विभागाकडे द्यावा लागतो, आणि त्याच्या मान्यतेला वेळ लागतो. मसुदा अहवालाची वाट न बघता तो फेब्रुवारीतच पाठवला. काही जण ही कटकट नको म्हणून यादीतून मोरच गाळतात. मग सुनावणीत एखादा शाळकरी मुलगा मोबाइलवरचा मोराचा व्हिडिओ दाखवतो.

मार्च: अहवाल

अधिसूचनेच्या परिशिष्ट तीनमध्ये प्रकरणांचा क्रम ठरवून दिला आहे. समिती खरोखर वाचते ती चौथं प्रकरण, म्हणजे परिणाम आणि उपाय, आणि दहावं, म्हणजे व्यवस्थापन आराखडा. बाकीच्या पानांत दुसऱ्या जिल्ह्याचं नाव राहिलेलं नाही ना, एवढं तरी शोधून घ्या.

वाहतुकीचं गणित साधं आहे, पण ते उघड मांडावं. तिन्ही खाणी मिळून वर्षाला १,२०,००० टन. ३०० कामाचे दिवस धरले तर दिवसाला ४०० टन. १६ टनांच्या डंपरने २५ खेपा, जाऊन-येऊन ५०. दहा तासांत म्हणजे दर बारा मिनिटांना एक गाडी, तीही शाळेवरून. हा आकडा दिसल्यावर शाळा भरताना आणि सुटताना वाहतूक बंद ठेवायची आणि बाहेरून वळण रस्ता करायचा, हे उपाय आपोआप पुढे आले.

धुळीचा सगळ्यात मोठा हिस्सा ना सुरुंगाचा निघाला ना क्रशरचा. तो कच्च्या रस्त्याचा. १,२०० मीटर लांब, सहा मीटर रुंद रस्ता म्हणजे ७,२०० चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर, दिवसातून चार वेळा शिंपडायचं तर रोज १४,४०० लिटर पाणी. टँकरच्या तालुक्यात हे आणणार कुठून? खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पावसाचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं. पुढच्या चार महिन्यांसाठी रस्त्याचा गावालगतचा भाग डांबरी करायचा आणि बाकीच्या भागावर वेग ताशी २० ठेवायचा असं ठरलं. 'नियमित पाणी मारण्यात येईल' एवढंच वाक्य लिहिलेला अहवाल समितीने परत पाठवला तर तिला दोष देता येणार नाही.

सुरुंगाच्या कंपनांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची मर्यादा आहे: साध्या घरांना आठ हर्ट्‌झच्या खालच्या कंपनांत सेकंदाला पाच मिलिमीटर. ती पाळायची तर एका डिलेमागची, म्हणजे एका वेळी उडणारी, स्फोटकं अंतराच्या हिशेबाने ठरवावी लागतात. सोबत एक स्वस्त आणि अतिशय कामाचा उपाय: काम सुरू होण्याआधी जवळच्या घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो, मालकाच्या सहीसकट. आधीची भेग कोणती आणि नंतरची कोणती, यावरचा वाद त्याने मिटतो.

एप्रिल ते जून: जनसुनावणी

मसुदा अहवाल, इंग्रजी आणि मराठी कार्यकारी सारांश, असा गठ्ठा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिला. नियमाप्रमाणे विनंतीपासून ४५ दिवसांत सुनावणी उरकायला हवी आणि सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यायला हवी. यात जिल्हाधिकाऱ्यांची तारीख, मंडळाची तारीख, आचारसंहिता आणि आठवडी बाजार हे सगळं बसवायचं असतं. आचारसंहितेमुळे इथे सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यावर गेली. पेरणीआधी झाली हे नशीब, त्यानंतर मंडपात कोणी फिरकलं नसतं.

सूचना छापून आली की लगेच अहवालाच्या प्रती ठरलेल्या ठिकाणी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत वगैरे, पोहोचल्या का ते स्वतः जाऊन बघा आणि पोच घ्या. 'अहवाल वाचायला मिळाला नाही' ही हरकत एकदा इतिवृत्तात गेली की पुसता येत नाही. मराठी सारांश यंत्राकडून काढू नका. गावातला दहावी झालेला माणूस तो वाचून पुढच्याला सांगू शकेल असा लिहा, नकाशावर शाळा, देऊळ आणि ओढा दाखवा.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी, सोबत मंडळाचा प्रतिनिधी. गणपूर्तीची अट नाही. चित्रीकरण सक्तीचं. मंडप, ध्वनिक्षेपक, पाणी आणि चित्रीकरणाचा खर्च अर्जदारांचा. सादरीकरण पंधरा मिनिटांत संपवावं, लोक स्लाइड बघायला आलेले नसतात.

दुसऱ्याच प्रश्नाला एक वयस्क शेतकरी उठले. "साहेब, तुम्ही साठ फूट खाली जाणार. माझी विहीर पंचेचाळीस फूट. माझं पाणी राहतंय का?" खोली खोलीशी ताडून पाहिली तर भीती बरोबरच वाटते. पण ताडायची असते समुद्रसपाटीपासूनची उंची. पट्ट्याची जमीन ६१२ मीटरवर, खाणीचा शेवटचा तळ ५९४ वर. त्यांच्या विहिरीचा काठ ५८५ वर, आणि डिसेंबरमध्ये पाणी ५७८ वर. म्हणजे खाणीचा तळसुद्धा त्यांच्या विहिरीच्या काठाच्या नऊ मीटर वर. त्यांच्याच विहिरीचं पान परिशिष्टातून काढून दाखवलं. ते म्हणाले, "मोजलीय खरी. पण खडकाच्या भेगा कुठनं कुठं जातात ते कुणी बघितलंय?" बेसाल्टच्या बाबतीत याला सोपं उत्तर नाही. म्हणून वर्षातून तीन वेळा त्या विहिरींची पातळी ग्रामपंचायत सदस्यासमोर मोजायची आणि घट दिसली तर काम थांबवून तपास करायचा, असं लेखी कबूल करण्यात आलं. कबूल केलं ते खाणमालकांनी, आम्ही नाही. आश्वासन देणं हे सल्लागाराचं काम नव्हे, ते पाळायचं मालकाला असतं.

बाकीचे प्रश्न डाळिंबाच्या पानांवरची धूळ, रस्ता, स्थानिकांना काम आणि क्रशरवरच्या मजुरांच्या तपासण्या यांचे होते. सगळे प्रश्न, उत्तरं आणि लेखी निवेदनं इतिवृत्तात येतात आणि ते तिथेच वाचून दाखवलं जातं. एकाच मजकुराची, एकाच पेनाने सह्या केलेली शंभर समर्थनपत्रं आणण्याचा मोह काही जणांना होतो. तसलं काही करू नका, त्याने विरोधच वाढतो.

जुलै ते नोव्हेंबर: अंतिम अहवाल आणि समिती

अंतिम अहवालात सुनावणीचा तक्ता घातला: मुद्दा, उत्तर, उपाय, रक्कम, मुदत, जबाबदार व्यक्ती. १ मे २०१८ च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार शंभर कोटींपर्यंतच्या नव्या प्रकल्पाला भांडवलाच्या दोन टक्के सीईआरसाठी, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय जबाबदारीच्या कामांसाठी, ठेवायचे होते. ३० सप्टेंबर २०२० च्या ज्ञापनाने हा टक्केवारीचा हिशेब बाजूला गेला आणि सुनावणीतल्या मागण्यांवरून ठरलेली कामं थेट व्यवस्थापन आराखड्यात आली. तरी अजूनही काही जण टक्क्यांत रक्कम लिहून मोकळे होतात. काम कोणतं, कुठे आणि केव्हा, हे विचारलं जातं तेव्हा उत्तर नसतं.

राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे सादरीकरणाला वेळ थोडा मिळतो. हद्दीचा नकाशा, ५०० मीटरचा दाखला, वाऱ्याचा आलेख, विहिरींच्या उंचीचा छेद आणि सुनावणीचा तक्ता, ही पानं पुढे ठेवावीत. पहिल्या बैठकीनंतर एडीएस आला, म्हणजे जादा माहितीची मागणी: वळण रस्त्यासाठी लागणाऱ्या जमिनीची संमतिपत्रं आणि हद्दीलगतच्या साडेसात मीटर पट्ट्यातली झाडांची यादी स्थानिक जातींसह. संमतिपत्रांना महिना गेला. कागदोपत्री समितीला ६० दिवस आणि मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाला ४५, असे मिळून १०५ दिवस आहेत, पण एडीएसला उत्तर देईपर्यंतचा वेळ अर्जदाराच्या खात्यावर जातो. समितीची मुदत संपून नवी नेमली जाईपर्यंत बैठकाच होत नाहीत, असंही घडतं. अर्जदाराने बँकेला तारीख सांगताना हे धरावं.

मंजुरीनंतर

मंजुरी मिळाल्याची जाहिरात सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची, त्यातलं एक मराठी. राष्ट्रीय हरित लवादात मंजुरीला आव्हान देण्याची मुदत ३० दिवस, पुढे सबळ कारण असेल तर ६० दिवसांपर्यंत सवलत. मंजुरी म्हणजे खाण सुरू करायची परवानगी नाही. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, खनिकर्म विभागाचा करार आणि खाण सुरक्षेच्या परवानग्या उरतातच.

त्यानंतर दर १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल. यासाठी मंजुरीपत्र हातात आल्याच्या आठवड्यातच प्रत्येक अटीपुढे पुरावा काय लागेल ते लिहून ठेवा: टँकरची बिलं, विहिरींच्या नोंदवहीवरच्या ग्रामपंचायत सदस्याच्या सह्या, झाडांचे जागेच्या खुणांसह फोटो, मजुरांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद. टँकरवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की बिलावर तारीख, गाडी क्रमांक आणि लिटर हवेत, कारण सहा महिन्यांनी मागितलेली बिलं एकाच शाईत लिहून येतात.